ट्रॅव्हियन: लेजंड्स – उलट हल्ल्याला काय भाव पडतो

ट्रॅव्हियन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो आणि दिसायला आजच्या मोबाइल गेमपुढं अगदीच गरीब आहे. गावाचं एक चित्र, चार प्रकारचा माल (लाकूड, माती, लोखंड, धान्य), एक नकाशा आणि घड्याळ. २००४ पासून चालत आलेला हा जर्मन गेम आता ‘ट्रॅव्हियन: लेजंड्स’ या नावानं मिळतो. पहिल्या आठवड्यात काय बांधायचं, दुसरं गाव कधी वसवायचं यावर लिहिलेलं ढीगभर सापडतं. हे परीक्षण एकाच अंगाचं आहे: कुणी तुमच्या गावावर हल्ला केला तर उलट मारायचं का, किती, कसं, आणि मारल्यावर पुढं काय वाढून ठेवलेलं असतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोल्यांपासून गोकुळ शिरगावच्या शिफ्टपर्यंत जे मित्रांचे गट हा गेम एकत्र सुरू करतात, त्यांची फाटाफूट बांधकामावरून क्वचितच होते. ती होते ‘त्यानं मारलं, तू का गप्प बसलास’ किंवा ‘तू एवढं कशाला मारलंस’ यावरून.

या बाबतीत गेमची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचा संथपणा. २०१२ साली आलेल्या क्लॅश ऑफ क्लॅन्सनं बरीच वर्षं बचावाच्या नोंदीशेजारी ‘रिव्हेंज’चं बटणच दिलं होतं. एका हल्ल्याला एकदाच दाबता येणारं. दाबलं की थेट त्या माणसाच्या गावात. समोरचा कुठं राहतो, त्याच्यामागं कोण आहे, याचा विचार करायला तिथं वेळही नव्हता आणि गरजही नव्हती, कारण तो माणूस पुन्हा भेटण्याची शक्यता जवळजवळ शून्य. ट्रॅव्हियनमध्ये तो शेजारी असतो. सर्व्हर संपेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, तुमच्या गावापासून नकाशावरच्या तेवढ्याच घरांवर राहणार असतो. सैन्य चालत जातं आणि चालतच परत येतं.

अंतर काढायची रीत शाळेतलीच आहे. तुमचं गाव (०|०) वर आणि त्याचं (९|१२) वर असेल तर अंतर ९ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे १५ घरं. साध्या वेगाच्या, म्हणजे १एक्स सर्व्हरवर ट्यूटन जमातीचा क्लबस्विंगर हा पायदळ शिपाई तासाला ७ घरं चालतो, म्हणजे त्याला २ तास ८ मिनिटं ३४ सेकंद लागतात. गॉल जमातीचा घोडेस्वार थ्युटाटीझ थंडर, ज्याला सगळे नुसतं थंडर म्हणतात, तासाला १९ घरं जातो: ४७ मिनिटं २२ सेकंद. इमारती पाडणारा कॅटापल्ट कुठल्याही जमातीचा असो, इथं वेग ३, म्हणजे जायला ५ तास आणि यायला ५ तास. फौजेत मिश्र सैन्य असेल तर सगळ्यात हळू शिपायाच्या वेगानं अख्खी फौज जाते. बदल्याचं सगळं शास्त्र या तीन आकड्यांत आहे आणि ते पाठ नसेल तर राग आला तरी हात बांधून बसलेलं बरं.

आता एक धाड जवळून बघू. ट्यूटनच्या ५० क्लबस्विंगरनी गॉलच्या गावावर ‘रेड’ मारली. गावात २० फॅलॅन्क्स (गॉलचं बचावाचं पायदळ), भिंत नाही. क्लबस्विंगरचा हल्ला ४०, म्हणजे एकूण २,०००. फॅलॅन्क्सचा पायदळासमोरचा बचाव ४०, म्हणजे ८००, आणि गावाचा स्वतःचा १० मिळून ८१०. लहान फौजांना गेम या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा दीड घात घेतो, तो इथं साधारण ०.२५८ येतो. रेडमध्ये दोन्ही बाजू अर्धवट लढून सुटतात: जिंकणाऱ्याचे सुमारे २० टक्के मरतात, हरणाऱ्याचे सुमारे ८० टक्के. हिशेबात ट्यूटनचे १० गेले, गॉलचे १६ गेले. उरलेले ४० क्लबस्विंगर प्रत्येकी ६० उचलतात, म्हणजे भरून २,४०० माल.

इथं दोघांच्या वह्या वेगळ्या निघतात आणि सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. एक क्लबस्विंगर सगळा माल धरून २५० ला पडतो. ट्यूटनच्या वहीत २,४०० जमा, १० शिपायांचे २,५०० खर्च, शिल्लक उणे १००. त्याच्या मते त्यानं काही मिळवलंच नाही, उगाच फेरी झाली. फॅलॅन्क्स ३१५ ला पडतो. गॉलच्या वहीत १६ फॅलॅन्क्सचे ५,०४० आणि लुटीचे २,४००, मिळून उणे ७,४४०. गॉल मेसेज लिहितो ते साडेसात हजारांच्या रागानं, ट्यूटन वाचतो ते शंभराच्या कपाळावरच्या आठीनं. दोघंही खरं बोलत असतात. गेममध्ये या दोन वह्या एकमेकांपुढं ठेवणारं काही नाही आणि कुणी आधी मारलं याची नोंदही गेम ठेवत नाही. रिपोर्ट ज्याचे त्यानं जपायचे. इतक्या वर्षांच्या गेममध्ये एवढी सोय असायला हवी होती.

रिपोर्ट आला की आधी तो नीट वाचायचा. रेड आहे की साधा ‘अटॅक’? अटॅकमध्ये हरणाऱ्याचा शेवटचा शिपाई मरेपर्यंत लढाई चालते, म्हणजे समोरच्याला तुमचं सैन्य संपवायचं होतं. रेड म्हणजे माल हवा होता. बहुतेक रेड फार्म लिस्टमधून येतात: एका बटणावर यादीतल्या सगळ्या गावांवर थोडं थोडं सैन्य जातं, आणि पाठवणाऱ्यानं तुमच्या गावाचं नावही वाचलेलं नसतं. अशा रेडवर आईमाईचा उद्धार करणारा मेसेज पाठवणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं. रिपोर्टमध्ये कॅटापल्ट दिसले, किंवा आधी हेर येऊन गेले असतील, तर मात्र ते नाव बघून केलेलं काम आहे. हेरांचं एक ध्यानात ठेवायचं: तुमच्या गावात स्वतःचे हेर नसतील तर समोरचा पाहून गेला हे तुम्हाला कळतच नाही. गॉलनं प्रत्येक गावात थोडे तरी पाथफाइंडर, म्हणजे आपले हेर, ठेवावेत.

फार्म लिस्टवाल्याला आवर घालायला उलट हल्ला लागत नाही. त्याच्या रिपोर्टच्या तलवारीचा रंग बदलला की पुरे. नुकसान न होता माल मिळाला तर हिरवी, काही शिपाई मेले तर पिवळी, सगळे मेले तर लाल. रोज शंभर गावं लुटणारा माणूस पिवळ्या-लाल तलवारी दिसल्या की ते गाव यादीतून काढतो, कारण एक क्लबस्विंगर मेला तर त्याची किंमत भरून काढायला चार धड जिवंत शिपायांची भरलेली पोती लागतात. पाचात एक मेला की धंदा संपला. म्हणून नव्या खेळाडूचं पहिलं उत्तर असं: क्रॅनी, म्हणजे माल लपवायची जागा, वाढवा (गॉलची क्रॅनी इतरांपेक्षा जास्त लपवते, ट्यूटन हल्लेखोराला मात्र तिच्यातला काही भाग काढता येतो), भिंत बांधा, झोपण्यापूर्वी माल खर्चून टाका. दहाव्या पातळीची गॉल तटबंदी बचाव सुमारे २८ टक्क्यांनी वाढवते, रोमन भिंत ३४, ट्यूटनची मातीची २२. यात सूड नाही, म्हणून पोरांना ते बुळं वाटतं. पण समोरच्याला याचाच खरा त्रास होतो.

तरी उलट मारायचंच असेल तर आधी मेसेज. धाड २२:१० ला पडली असं धरा. ट्यूटनची फौज जेवढ्या वेळात आली तेवढ्याच वेळात परत जाणार, म्हणजे ००:१८:३४ ला ती घरी पोचेल. तुमच्या थंडरना ४७ मिनिटं २२ सेकंद लागतात. फौज घरात शिरल्यावर एका सेकंदानं, ००:१८:३५ ला, तिथं पोचायचं असेल तर २३:३१:१३ ला निघायला हवं. मधली ८१ मिनिटं बोलण्यासाठी आहेत, आणि ती न वापरता मारणारा आमच्या लेखी उतावळा. मेसेज चार ओळींचा पुरतो:

‘नमस्कार. आज २२:१० ला तुमची ५० क्लबची रेड आमच्या (०|०) वर आली. १६ फॅलॅन्क्स आणि २,४०० माल गेला. लिस्टमधून चुकून आली असेल तर गाव काढा आणि माल परत पाठवा, विषय संपला. सर्व्हरच्या वेळेनं २३:३० पर्यंत उत्तराची वाट बघतो.’

यात चार गोष्टी आल्या: वेळ, नुकसान, मागणी, मुदत. धमकी नाही. ‘बघून घेतो’ असं लिहिलं की समोरचा सावध होतो आणि फौज घरी पोचण्याआधी मित्रांचा बचाव मागवून बसतो. म्हणजे शिष्टाचार बाजूला ठेवला तरी ते डावाच्या दृष्टीनंही चूक. मुदत लिहिताना सर्व्हरची वेळ की आपली वेळ हे लिहायचं. मध्य युरोपात रात्रीचे ११ वाजतात तेव्हा कोल्हापुरात हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच झालेले असतात. ‘रात्रीपर्यंत कळवा’ याचे दोघांनी दोन अर्थ काढले की विनाकारण युद्ध.

समोरच्यानं मान्य केलं तर भरपाई बाजारातून येते. ट्यूटनचा व्यापारी १,००० माल नेतो आणि तासाला १२ घरं चालतो. २,४०० साठी तीन व्यापारी, सव्वा तास. रोमनचा व्यापारी ५०० नेतो, वेग १६. गॉलचा ७५०, वेग २४. भरपाई मालाचीच मागावी. मेलेल्या सैन्याची किंमत मागायला गेलं की मामला फिसकटतो, कारण त्याच्या वहीत ते कुठंच नसतं. रक्कम मोठी असेल तर मेसेज पुसू नका. एका खात्यातून दुसऱ्याकडं एकतर्फी माल जाणं ‘पुशिंग’ म्हणून नियमात अडकू शकतं, आणि हे कशापोटी दिलं हे दाखवायला तोच मेसेज कामी येतो.

उत्तर आलंच नाही, तर २३:३१:१३. पाठवण्याआधीच्या पुष्टीच्या पानावर पोचण्याची वेळ सेकंदासेकंदाला पुढं सरकत असते. ००:१८:३५ दिसली की बटण दाबायचं. मोबाइलच्या नेटवर एखाद-दोन सेकंद इकडंतिकडं होतात. लवकर पोचलात तर गाव रिकामं, उशिरा पोचलात आणि समोरचा जागा असेल तर फौज पुन्हा बाहेर. घरातल्या वाय-फायवर, संगणकावरून हे काम जास्त नेमकं होतं. परतीच्या वाटेवरची फौज थांबवता किंवा वळवता येत नाही, सगळा डाव त्यावरच उभा आहे. गोल्ड क्लब (गोल्ड, म्हणजे विकतची नाणी, देऊन मिळणारी जादा सोय) घेतलेल्या खेळाडूचं राजधानीतलं सैन्य हल्ल्याआधी आपोआप बाहेर पळू शकतं, पण फौज हल्ल्याच्या आधीच्या १० सेकंदांत परतलेली असेल तर ही पळवाट चालत नाही. म्हणून एक सेकंदाचं अंतर.

निघण्याआधी एक हेर पाठवायचा राहू नये. सगळं सैन्य मेलं तर गेम तुम्हाला समोर काय होतं ते दाखवत नाही; रिपोर्टमध्ये नुसती प्रश्नचिन्हं. आंधळा उलट हल्ला करून १० थंडर घालवायचे आणि माहितीही मिळवायची नाही, याला बदला म्हणत नाहीत. आणि हात गरम असतानाच पाठवून बसलात, तर रॅली पॉइंटवरून (सैन्य पाठवायची इमारत) ९० सेकंदांपर्यंत हल्ला मागं घेता येतो. गेमनं दिलेल्या सोयींत ही आमच्या मते सगळ्यात शहाणी.

आता फळ बघा. क्लबस्विंगरचा घोडदळासमोरचा बचाव फक्त ५ आहे. ४० जण मिळून २००. १० थंडर साध्या अटॅकला पाठवले आणि घरात दुसरं काही नसलं, तर चाळीसच्या चाळीस क्लब मरतात, थंडर एखादाच जातो. ट्यूटनचे १०,००० पाण्यात. उरलेले ९ थंडर प्रत्येकी ७५ उचलतात, म्हणजे ६७५. गॉलला एक थंडर १,०९० ला पडतो. दोन्ही वह्या पुन्हा लिहू: गॉलची उणे ७,४४० होती, त्यात थंडरचे १,०९० गेले, ६७५ आले, आता उणे ७,८५५. ट्यूटनची उणे १०० वरून उणे १०,७७५. बिनचूक, देखणा, सेकंदावर बसवलेला बदला घेऊन गॉल आधीपेक्षा गरीबच झाला. आणि ट्यूटनच्या डोळ्यांनी पाहिलं तर त्यानं एक निरुपयोगी रेड मारली, त्याबद्दल कुणीतरी त्याची अख्खी फौज कापली. आता हक्क त्याचा.

हा हिशेब मांडला की ‘जेवढ्यास तेवढं’ हे ट्रॅव्हियनमध्ये किती अवघड आहे ते समजतं. लढाईचं सूत्र नेमकं माप देत नाही, एक बाजू थोडी वरचढ झाली की समोरचं जवळजवळ सगळं साफ होतं. ७,४४० चं उत्तर ७,४४० नं देता येत नाही. म्हणून शहाणे खेळाडू दोन गोष्टी करतात. उलट हल्ला एकदाच करतात, आणि तो पडल्याच्या मिनिटाला दुसरा मेसेज टाकतात: आमच्याकडून विषय संपला, तुमची पुढची रेड आली नाही तर आमचंही काही येणार नाही. हा दुसरा मेसेज बहुतेक जण विसरतात. तो नसला की समोरचा पुढच्या हल्ल्याची वाट बघत बचाव गोळा करतो, बचाव फुकट बसवायचा नाही म्हणून हल्ला करतो, आणि आठवड्याभरात दोघांचीही गावं तिसऱ्याच कुणाची फार्म होतात.

मोठ्यानं लहानाला मारण्याचा बंदोबस्त गेमनं सूत्रातच केला आहे. हल्लेखोराची लोकसंख्या बचाव करणाऱ्यापेक्षा जास्त असेल तर त्याची ताकद घटते, फरक फार मोठा असला तर जवळजवळ एक तृतीयांशानं. याला मोराल म्हणतात. म्हणजे अलायन्समधल्या (खेळाडूंच्या संघातल्या) दादा खेळाडूनं नवख्याचा सूड उगवायचा म्हणून समोरच्या नवख्यावर धावून जाणं महाग पडतं. ते शोभतही नाही, पण महाग पडतं हे सांगितलं की लवकर पटतं.

कॅटापल्टचं प्रकरण वेगळं. माल परत मिळतो, सैन्य पुन्हा होतं. पाडलेली इमारत उभी करायला दिवस जातात. लुटीच्या बदल्यात कॅटापल्ट नेणं हा उघड उघड चढा भाव आहे आणि खेळणारे तो तसाच धरतात. त्यातही धान्याच्या शेतांवर नेम धरला तर अर्थ एकच: सैन्य दर तासाला धान्य खातं, कोठार रिकामं झालं की उपासमारीनं मरायला लागतं. शत्रूचं मोठं सैन्य न लढता संपवायची ही रीत आहे, ती युद्धात वापरतात, शेजाऱ्याच्या वादात नाही. ५ तास जाणाऱ्या कॅटापल्टबरोबर तुमचं हल्ल्याचं सैन्यही १० तास बाहेर असतं, एवढा वेळ तुमच्या घरी काय होईल याचा विचार पाठवणाऱ्यानं करायचा. आणि त्याच्याही पुढं, गावच ताब्यात घ्यायचं: आधी रेसिडेन्स किंवा पॅलेस पाडायचा, मग सरदार नेऊन एकेका हल्ल्यात निष्ठा साधारण २०-३० टक्क्यांनी उतरवत शून्यावर आणायची. राजधानी अशी घेता येत नाही. गाव घेतल्यावर भरपाई, माफी, हिशेब हे शब्द संपतात. त्या खेळाडूचा राग तुम्ही सर्व्हर संपेपर्यंत विकत घेतलेला असतो.

अलायन्समध्ये साठ जण मावतात, आणि खरा परिणाम तिथं दिसतो. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल सामन्यात एकानं घातलेली तंगडी जशी दोन पेठांची होते, तसा एका क्लबस्विंगरच्या रेडचा मामला दोन अलायन्सचा व्हायला एक रात्र पुरते. म्हणून नियम साधा आणि कडक हवा: लुटीचं उत्तर खेळाडूनं स्वतः द्यायचं, अटॅक किंवा कॅटापल्ट पाठवण्याआधी अलायन्सच्या बचाव सांभाळणाऱ्याला सांगायचं. परवानगीपेक्षा यात माहितीचा भाग जास्त आहे. उलट हल्ल्याला उलट हल्ला आला तर बचावाचं सैन्य कुणाचं जाणार? त्याचंच, जो ५ च्या वेगानं प्रीटोरियन (रोमन बचावाचं पायदळ) चालवत तुमच्या मदतीला येतो आणि ज्याला हे का चाललंय ते माहीतच नसतं. समोरच्या अलायन्सशी अनाक्रमण करार आहे का, हे पान उघडून बघायला दहा सेकंद लागतात. कॉन्फेडरसी (दोस्तीचा करार) असलेल्या अलायन्सच्या खेळाडूवर बदल्याच्या भरात कॅटापल्ट टाकणारा माणूस दुसऱ्या दिवशी बहुधा अलायन्सबाहेर असतो, आणि रास्तच आहे.

आणखी एक पथ्य: बदला ज्यानं मारलं त्याच्यावरच. ‘तो सापडत नाही, त्याच्या अलायन्सचा दुसरा जवळ आहे’ म्हणून त्याला मारणं म्हणजे नवा वाद उघडणं. तसंच मेसेजमध्ये शिवीगाळ केली तर खात्यावर कारवाई होते, आणि शिवीचा स्क्रीनशॉट समोरच्या अलायन्सला फुकटचा पुरावा मिळतो. आधी तुमच्या बाजूनं असणारे त्यांचे नेते त्यानंतर तुमच्याशी बोलत नाहीत.

कोल्हापुरातली खरी अडचण याहून वेगळी: इथं समोरचा खेळाडू कोण हे कुणाला तरी ठाऊक असतं. कॉलेज, क्लास, मित्राचा मित्र. खेळातलं भांडण त्याच्या दारात, त्याच्या फोनवर किंवा गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेणं हा एकमेव प्रकार आहे ज्याला आम्ही सरळ हरामखोरी म्हणतो. खऱ्या नावाचा उल्लेखही मेसेजमध्ये नको. टोपणनावानं मारलं, टोपणनावालाच उत्तर.

एकाच घरातले दोघं भाऊ एकाच वाय-फायवर खेळत असतील तर ते चालतं. नियम एका सर्व्हरवर माणशी एक खातं असा आहे. पण दोघांनी मिळून एकाच गावावर एकाच मिनिटाला उलट हल्ले टाकले की तक्रार हमखास होते, कारण बाहेरून ते एकाच माणसाच्या दोन खात्यांसारखं दिसतं. असे हल्ले टाळावेत, निदान वेळा वेगळ्या ठेवाव्यात, आणि एकानं दुसऱ्याचं खातं पासवर्डनं उघडू नये. त्यासाठी सिटर आहे, म्हणजे मालक नसताना त्याचं खातं सांभाळणारा दुसरा खेळाडू. प्रत्येक खात्याला दोन सिटर नेमता येतात आणि रेड पाठवणं, मदतीचं सैन्य पाठवणं, माल पाठवणं, गोल्ड वापरणं असल्या परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. रेडची परवानगी काढून ठेवावी. सिटरनं बचाव करायचा असतो; मालक झोपलेला असताना त्याच्या नावानं सूड घेणारा सिटर जेवढी गावं घालवतो तेवढी शत्रूही घालवत नाही. रात्रपाळीचा कुणी गटात असेल तर दोन सिटरपैकी एक तो असावा, युरोपातले हल्ले पडायची वेळ त्याच्या चहाच्या सुट्टीची असते.

जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. सिटर नेमायला तोवर थांबू नका, आणि व्हेकेशन मोडवर विसंबायचं असेल तर तो आधीच लावा. सैन्य बाहेर असेल किंवा हल्ला येत असेल तर तो लागत नाही. म्हणजे चालू असलेला बदला अर्धवट टाकून सुट्टीवर जाता येत नाही. पुरात अडकलेल्या गटाला समोरच्या अलायन्सनं चार दिवस मोकळं सोडणं हा सभ्यपणा, पण त्यासाठी कळवायला लागतं, आणि कळवल्यावर त्या चार दिवसांत आपणही कुणाला मारायचं नाही. नाताळाला सर्व्हरकडून युद्धविराम लागतो. गणपतीची बोलणी आपणच करायची.

पैशाबद्दल थोडंच. गोल्डनं तीन नाण्यांत मालाची अदलाबदल करता येते, म्हणजे लुटून उरलेल्या लाकडातून बदल्याचे शिपाई निघतात. दोन नाण्यांत बांधकाम संपतं. राग आलेल्या रात्री गोल्ड विकत घेऊ नये. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

सर्व्हर निवडताना नोकरी, कॉलेज सांभाळून खेळणाऱ्यांनी १एक्सच घ्यावा. ३एक्सवर मालही जास्त वेगानं येतो आणि सैन्यही जास्त वेगानं चालतं, म्हणजे वरच्या उदाहरणातली बोलण्याची ८१ मिनिटं अर्ध्यावर येतात. मेसेज वाचला जाण्याआधी घोडे निघालेले असतात. ज्यांना तेच हवंय त्यांनी ३एक्स घ्यावा, फक्त गटातल्या सगळ्यांना आधी विचारून.